अनोळखी उपकरण

त्सिउरीबाईंचा जुना संगणक गेला
तो एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत.
पंखा दोनदा खाकरला फक्त.

मी नवा आणला, तो हाताच्या पंजाएवढा.
त्यांनी खोक्यात हात घालून चाचपलं,
म्हणाल्या, आणि बाकीचा कधी येणार?

कुताइसीत, रिओनी नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
त्यांचं छपाईचं दुकान.
लग्नाच्या पत्रिका, वाईनच्या बाटल्यांवरची लेबलं,
आणि हिवाळ्यात जवळजवळ रोज
कुणीतरी वारल्याची सूचना, काळ्या चौकटीत,
खाली चाळिसाव्या दिवसाची तारीख.

मी म्हटलं, मॉनिटरही बदलून टाकू.
चौकोनी आहे, कडा पिवळ्या पडल्यात,
आणि उजवीकडे खाली एक ठिपका मेलाय.

त्या म्हणाल्या,
मेलाय ना? मग आता अजून काय व्हायचंय त्याला?

कीबोर्डबद्दल मी बोललोच नाही.
त्यावरची अक्षरं लामझिराने चिकटवलेली,
तेहतीस चिकटपट्ट्या, एका दुपारी.
एकच जरा वाकडी बसली.
तेव्हा ती इथे शिकाऊ होती.
आता बारीत असते, इटलीत,
दुसऱ्या कुणाच्या तरी आईला भरवते, उठवते, निजवते.
त्सिउरीबाईंचं बोट त्या वाकड्या अक्षराशी आलं
की तेही जरासं वाकडं होतं.
मी पाहिलंय.

तर मॉनिटरच्या वायरीचं तोंड निळं, पंधरा दातांचं,
दोन्ही कानांत स्क्रू,
आणि नव्याला त्या मापाचं भोकच नाही.
पत्रिका जुळेना.
बाजारात तिसऱ्या दुकानात, जुम्बेरकडे,
चार्जरांच्या गुंत्याखाली सापडला एक मध्यस्थ,
इकडून नवा, तिकडून जुना, अठरा लारी.
कीबोर्डच्या जांभळ्या गोल टोकासाठी आणखी एक,
तो त्याने घासाघीस न करता दिला.
पडून होता म्हणाला, घेणारं कोण उरलंय.

चित्र आलं, पण आडवं, फताडं.
पडद्यावर एक नवरदेव होता,
त्याचं तोंड भट्टीतल्या पावासारखं पसरलेलं.
मी मापं बदलत गेलो,
तो हळूहळू रोडावला, शेवटी माणसात आला.

मग कोपऱ्यात एक पाटी उमटली.
त्सिउरीबाईंनी चष्मा चढवला
आणि मोठ्याने वाचली:
अनोळखी उपकरण जोडले आहे.

सतरा वर्षं हा इथे बसलाय, त्या म्हणाल्या.
आज आलंय कोण?

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी ‘ठीक आहे’ वर टिचकी मारली.

माउस मात्र टिकला नाही.
त्याच्याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही.

संध्याकाळी पहिलं काम आलं.
शेजारच्या गल्लीतला घड्याळजी, वय एक्क्याऐंशी.
त्यांनी मजकूर लावला, चौकट काढली,
आणि शेवटच्या ओळीपाशी थांबल्या.
मग पान दोन ओळी वर सरकवलं.
मजकूर वर गेला.
ठिपका जागच्या जागी राहिला.

हा माझा, त्या म्हणाल्या,
आणि घड्याळजीच्या नावापुढे
एक पूर्णविराम वेगळा दिला.

मी पैसे मोजत होतो.
अठराऐवजी त्यांनी वीस दिले,
आणि जुन्या संगणकाच्या रिकाम्या जागेवरची धूळ
तळव्याने पुसली, तिथे
अक्रोडांचं ताट ठेवलं.