पावणेनऊ

हर्णैच्या बर्फ-कारखान्यात बाबा लाद्या मोजायचे.
अंगाला अमोनियाचा वास, बोटांना भेगा,
खिशात एक निळी वही.

बुधवारी रात्री आमच्या पत्र्याच्या खोलीत भरायची सभा :
बाबा, आई, मी, पोस्टातले उजगरेकाका,
आणि दापोलीहून शेवटच्या गाडीने येणाऱ्या नर्स सुवार्ताबाई.
परतायला गाडी नसायची,
म्हणून त्या आमच्याकडेच झोपायच्या.
एवढीच आमची मंडळी.

दुर्पा दोरकुळकर टोपलीवर भुसा झाडत विचारायची,
"थिओफिल, तुमचा धरम मेथीचा म्हनत्यात.
मेथीचा का मोहरीचा?"
बाबा हसायचे. "मोहरीचाही आहे, बाय.
पण मेथीचा नाही. मेथडचा. पद्धतीचा."

मग लादी फुटेपर्यंत गोष्ट चालायची.
विलायतेतलं एक विद्यापीठ, अडीचशे वर्षांमागचं.
चार-पाच पोरं, पहाटे उठणारी,
ठरल्या वेळी वाचणारी, ठरल्या वारी उपाशी,
ठरल्या दिवशी तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलणारी.
बाकीचे खिदळले : आले बघा पद्धतवाले!
"नावं ठेवली त्यांना," बाबा म्हणायचे,
"आणि त्यांनी ते नाव ठेवून घेतलं."

हे दुर्पाला लगेच पटलं.
तिच्या सासऱ्याला कुणी चेष्टेनं 'उलट्या' म्हणालं होतं,
आता नातवाच्या शाळेत हजेरी तशीच होते.

मग त्यातला एक जहाजाने अमेरिकेला निघाला.
वादळात शीड फाटलं, पाणी तक्तपोशीवरून आत आलं,
इंग्रज किंचाळले, तोही भ्याला.
पलीकडे काही जर्मन कुटुंबं गात होती,
गातच राहिली.
इथे दुर्पाचा कोयता थांबायचा.
"बायका पन? पोरं पन?"
"बायका पण. पोरं पण."
ती सुवर्णदुर्गाकडे बघायची, मग पुन्हा सुरमईकडे.

तो परतला, रिकामा.
आणि एका मे महिन्यात, रात्री पावणेनऊच्या सुमारास,
सभेत कुणी काहीतरी वाचत असताना
त्याच्या छातीला ऊब लागली.
बाबा एवढंच सांगायचे.
वजा दहा अंशांत दिवस काढणारा माणूस
ऊब या शब्दाला उगाच विशेषणं लावत नाही.
पुढे देवळांनी दारं लावली
तेव्हा तो खाणीच्या तोंडाशी उभा राहून बोलला,
आणि खाणवाल्यांच्या काळ्या गालांवर
पांढऱ्या रेघा उमटल्या, म्हणे.

मला ती ऊब कधी लागली नाही.
बुधवारी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायची,
आठ चाळीस, आठ बेचाळीस,
छातीवर हात ठेवून, ताप बघतात तसा.
नऊ वाजले की आई चहा टाकायची.

ज्या वर्षी दुर्पाच्या नवऱ्याची होडी आली नाही
त्या वर्षी, एका बुधवारी,
ती येऊन उंबऱ्यावर बसली. आत नाही, बाहेर नाही.
आमची रीत अशी की
एकेकाने दुसऱ्याला विचारायचं : जिवाचं कसं आहे?
खरं सांगायचं, मग डब्यात नाणं टाकायचं.
उजगरेकाकांनी सांगितलं, त्यांना बढतीचा हेवा वाटतो.
सुवार्ताबाई म्हणाल्या, एका पेशंटवर ओरडले.
आईने सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही.

मग बाबांनी उंबऱ्याकडे वळून विचारलं,
"दुर्पाबाय, जिवाचं कसं आहे?"

समुद्र ऐकू येत होता, कारखान्याचं मशीनही.
"बरं नाय," ती म्हणाली.
बराच वेळ गेल्यावर पुन्हा, "बरं नाय रं."
कुणी वचन वाचलं नाही,
कुणी तिला आत बोलावलं नाही.
तिने कनवटीचा रुपया काढला
आणि डबा कुठेय म्हणून विचारलं.

त्या रात्री मी घड्याळ बघायचं विसरले.

बाबा गेल्यावर निळी वही माझ्याकडे आली.
लाद्या बावीस, लाद्या एकोणीस, भुसा दोन पोती,
आणि मध्येच, त्याच शाईत :
दुर्पा – रु. १.
पुढच्या बुधवारी पुन्हा.
त्याच्याही पुढच्या.