नववा नियम

सुरतेहून मामानं आणलेला व्यापाराचा खेळ,
झाकणाच्या आत गुजरातीत छापलेले नियम.
डोक्यावरची रेघ पुसलेली अक्षरं.
हर्षल म्हणायचा, टोपी न घालता आलीत अमळनेरपर्यंत,
ऊन लागलंय त्यांना.

ग, म, न, त ओळखू यायचे, क दगा द्यायचा.
तरी आम्ही जुळवत गेलो:
प्रत्येकाला पंधराशे. घर ओलांडलं की दोनशे.
दुसऱ्याच्या गावात थांबलं की भाडं,
मागितलं नाही तर बुडालं.
जिथं अडलं तिथं आईला विचारलं.
भांडू नका, हाच नियम, म्हणाली ती
आणि गहू निवडत राहिली.

नववा तेवढा लागेना.
चार ओळींचा होता, आणि त्यात बँक होती.

त्या मे महिन्यात अजून एक नियम शिकलो,
तो छापलेला नव्हता.
कडी वाजली की म्हणायचं, आप्पा घरी नाहीत.
पतपेढीचं शटर होळीपासून खाली होतं
आणि तिचे रोखपाल मधल्या खोलीत
पंखा बंद करून बसायचे, आवाज नको म्हणून.

सुपडाबाई आली ती भर बारा वाजता.
लग्नाघरी खापरावर मांडे भाजायची ती,
कोपरापर्यंत चटक्यांचे डाग.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक.
आप्पा घरी नाहीत, मी म्हटलं.
"तो येवालगुन मी बठस आठे," म्हणाली,
आणि बसली, पटाच्या चौथ्या बाजूला,
जी रिकामीच असायची.

पाणी प्यायली. पट पाहिला.
"हाई काय शे? माले समजाड."

मग मीच सांगितलं सगळं.
सोंगटी कमी होती, तिनं कनवटीतून चिंचोका काढला.
नोटा मोजताना बोट जिभेला लावायची,
गुलाबी पाचशेची उजेडात धरून पाहिली.
सिमला घेतलं नाही. थंड गावात लगीन कोन करी?
स्वस्तातलं एक गाव घेतलं, आणि भाडं
एकदाही विसरली नाही.

"जेलमा कोन जास?"
ज्याचा फासा तिथं पडेल तो.
"चोरी करी का नही करी, तरी?"
तरी.
हर्षलला हसू आलं, मला नाही आलं.

"आनि बँकना पैसा सरनात ते?"

मी झाकण उचललं. नववा नियम
तसाच उघड्या डोक्यानं पडलेला.
हे वाचता येत नाही आम्हाला, मी म्हटलं.
"मंग तुमी काय करतस?"
मग खेळ थांबतो, हर्षल म्हणाला.

मधल्या खोलीत कुणीतरी खोकलं.
एकदाच, उशीत तोंड घातल्यासारखं.
आईचं सूप थांबलं.
सुपडाबाईनं तिकडं मान वळवली नाही.
फासा दोन्ही तळव्यांत खुळखुळवला,
पुष्कळ वेळ,
आणि टाकला. पाच.

ऊन उतरल्यावर उठली.
आपल्या नोटा रंगांप्रमाणे लावून
माझ्या हातात दिल्या. मोजी ले, म्हणाली.
मी मोजल्या. बरोबर होत्या.
पासबुक काखेत, आणि चिंचोका तिथंच, सिमल्याच्या अलीकडे.

आता मी नवापूरला तिकीटखिडकीवर असते,
निम्मी गर्दी गुजरातीत बोलते,
अक्षरं कधी लागायला लागली कळलंच नाही.
परवा माहेरी माळा आवरताना झाकण सापडलं.
उभ्या उभ्याच वाचला नववा.

बँकेचं दिवाळं निघत नाही.
नोटा संपल्या तर रोखपालानं
साध्या कागदावर रक्कम लिहून द्यावी.
खेळाडूनं तो कागद पैसाच समजावा.

एकोणीस हजार चारशे.
लिहून दिलेच होते की आप्पांनी, निळ्या शाईत, खाली सही.
तोच कागद दुधाच्या पिशवीत घालून
ती आमच्याकडे बसली होती
आणि आम्ही तिला नियम शिकवत होतो.