नावाड्याचं नाव

ताम्पेरेत, वाचनालयाच्या तळघरात,
दर गुरुवारी सहाला आम्ही राज्य मांडतो.
रायली तीन आठवडे किल्ला रचत होती:
सत्तावीस खोल्या, एक शापित विहीर,
सेनापतीच्या घोडीची वंशावळसुद्धा.

आणि मंडळी अडली अलीकडच्या नदीवरच.
ऑस्मोने उगाच नावाड्याला विचारलं,
"बाबा, तुझं नाव काय?"

त्याला नाव नव्हतं.
तो पैलतीरापुरताच होता.

रायलीने वही चाळली. फासा उचलला,
न टाकताच ठेवला.
मग वळली वेइक्कोकडे,
जो चार गुरुवार नुसती कॉफी ढवळतोय,
"तू ओळखतोस ना ह्याला?"

वर रस्त्यावर बर्फ खरवडणारी गाडी गेली.
ती जाईपर्यंत ती थांबली.
आम्हालाही थांबवलं, नुसत्या तळहाताने.

"ओळखतो," वेइक्को म्हणाला.
"हा माझ्या भावाचं देणं लागतो."
आम्ही हसलो.
"भावाला पोहता यायचं नाही."

साडेनऊला रखवालदार किल्ल्या वाजवत आला
तेव्हा आम्ही अजून मधल्या धारेत,
वल्हं वेइक्कोच्या हातात,
आणि किल्ला पलीकडे, तसाच बंद.

रायलीने सत्तावीस खोल्यांची घडी घातली,
पिशवीत कोंबली,
आणि जिना चढता चढता
पेनाने मनगटावर लिहिलं:
भाऊ.