डावं पुढचं

सखीरला रात्री गाड्या आत आल्या
की टायर माझ्याकडे येतात, अजून धगधगते.
एका हातात गरम हवेची बंदूक, दुसऱ्यात पत्ती.
चिकटलेलं रबर खरवडतो, वाळू खरवडतो,
कडेला खडूनं लिहितो:
गाडी सत्तावीस, संच दुसरा, डावं पुढचं.
नाव लिहीत नाही. तशी पद्धतच नाही.

कागलच्या नाक्यावर बापाचं पंक्चरचं दुकान होतं.
ट्यूब पाण्यात बुडवायचा
आणि बुडबुडा दिसायच्या आधीच भोकावर बोट.
टायरवरनं हात फिरवून विचारायचा,
ब्रेकवर उभा राहतोस काय रे?
ट्रकवाला चमकायचा.
तेवढी एकच विद्या घेऊन मी विमानात बसलो.

गुदैबियाच्या गल्लीत करक पिताना वाद रंगतो.
सुधाकरन म्हणतो, मान टिकत नाही बायकांची,
एवढ्या वेगात डोकं खांद्यावर राहत नाही.
भोयर म्हणतो, मानेचं सोड,
ह्या गाड्यांचं स्टिअरिंग म्हणजे जातं,
वीस फेऱ्यांत मनगटं जातात.
कोपऱ्यातला पोरगा म्हणतो,
शंभर पुरुषांतले नव्याण्णव तरी कुठं पोचतात वर?
त्यांच्या मानेची चौकशी करतं का कोण?
आणि आठव्या वर्षी गोकार्ट
मुलाला घेतात की मुलीला?
मग कुणीतरी पैसे देतं,
वाद कपाच्या तळाला राहतो,
न ढवळलेल्या साखरेसारखा.
मी बोलत नाही. माझं काम टायरचं.

सत्तावीस म्हणजे लुलवा. मुहर्रकची.
बाप एसी दुरुस्त करतो,
ही हेल्मेटला वजनं बांधून
रोज पहाटे मान वाकवते, सरळ करते.
हातमोजे काढते तेव्हा तळव्यावर
जुन्या फोडांवर नवे फोड.
बाकीचे ड्रायव्हर संगणकासमोर बसतात,
ही आधी माझ्याकडे येते,
उकिडवी बसते, विचारते,
"रफीक, टायर क्या बोला?"

त्या रात्री शमाल सुटला होता,
ट्रॅकवर वाळूची साय.
मी पत्ती थांबवून दाखवलं,
दहाव्या वळणाला चाक अडकलं. डावं पुढचं.
एक बार.
ती म्हणाली, "दो बार."
मी दिवा जवळ आणला.
पहिल्या चट्ट्यावर दुसरा बसलेला, करडावर करडा,
बोटभर सरकून.
दोनदाच होतं.
अठ्ठावीस वर्षं टायर वाचतोय मी,
आणि ती ते आत बसून वाचून आली होती,
अंगाच्या कातड्यानं.

सहावी आली.
पहिली आली असती तर
दुसऱ्या दिवशी करक पिताना तोंड उघडलं असतं.
सहाव्या नंबरावर काय बोलणार?
पुढचे पाच पुरुष होते, खरं आहे.
मागचे अकराही.

मालन लायसनला तीनदा नापास झाली.
तिन्ही वेळा शिकवायला मीच होतो शेजारी,
रिकाम्या पार्किंगमध्ये,
हँडब्रेकवर हात ठेवून, सतत बोलत.
तिसऱ्यांदा म्हणालो, राहू दे,
तुझ्या हाताला नाही ते.
तिनं किल्ली मुकाट्यानं खिळ्याला अडकवली.
मी कंपनीच्या बसनं जातो,
आमची जुनी कोरोला खाली उभी असते.
उभीच असते असं धरून चाललो होतो.

पहाटे बसमधून उतरलो,
सवयीनं चाकांवर नजर गेली.
डावं पुढचं.
कडेला पिवळा रंग लागलेला, ताजा,
गोल चौकातल्या कठड्याचा.
नखानं खरवडून बघितला.
हवा दोन पौंड कमी होती. डिकीतला पंप काढून भरली.

वर मालन कणीक मळत होती.
मी तिच्या मनगटांकडे बघत उभा राहिलो.
"काय बघताय?"
"काही नाही. कठडा किती वेळा लागला?"
हात थांबले. मग परत चालू झाले.
"एकदाच," ती म्हणाली.

दोनदा होतं.