मालाचा दरवाजा

सिग्नीने टेबलावर तक्ता पसरलाय.
एकतीस नावं. हिरवी, पिवळी, तांबडी.
हिरवी म्हणजे कदाचित,
पिवळी म्हणजे नशीब असेल तर,
तांबडी म्हणजे, बाबा, नुसतंच लिहून बघितलं.

बाहेर मायनॉटचा वारा
शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलिन पुन्हा आमच्या कुंपणाकडे ढकलतोय.
जून लागला, तरी ओट्यावर अजून माझे लोकरी हातमोजे.

हे लोक राज्याबाहेरचे हजारात चार घेतात. खोडलं.
ह्यांना संशोधन लागतं, आणि माझं संशोधन म्हणजे
दोन उन्हाळे गव्हावरचा तांबेरा.
खोडू? नको. थांब. राहू दे.

प्रत्येक नावाला पैसे पडतात, सारखेच.
मी मनातल्या मनात डिझेलमध्ये हिशोब करतो:
एक नाव, बारा गॅलन.
एकतीस नावं म्हणजे इथून सिॲटल, आणि परत,
ट्रेलर रिकामा.

मी बोलत नाही. मला काय कळतं त्यातलं.
पण ती वाचत जाते तशी गावं दिसायला लागतात.
ओमाहा: उतरता धक्का, हिवाळ्यात मीठ टाकत नाहीत.
मिलवॉकी: दुपारी दोननंतर माल घेत नाहीत,
मग गाडीतच झोपा.
क्लीव्हलँडला एकदा चाळीस खाटा नेल्या, सुट्या भागांत,
रात्रभर सही करायला कुणी आलं नाही.

पोरी, तुझी ही सगळी कॉलेजं
मी पाठीमागून पाहिलीत.
पुढे म्हणे काचा आहेत, कारंजी आहेत,
देणाऱ्यांची नावं कोरलेली भिंत आहे.
मला ठाऊक आहेत ते रबरी पडदे,
ऑक्सिजनची नळकांडी, मळक्या चादरींच्या ढकलगाड्या,
आणि पहाटे चारला त्या दारातून बाहेर येऊन
उभ्याउभ्या केळं खाणारी तुझ्या वयाची मुलं,
बुटांवरच्या निळ्या पिशव्या तशाच.

"आयोवा सिटी?" ती स्वतःलाच विचारते.
तांबड्यातलं. पेन वर थांबलेलं.

मी हात पुढे करतो.
अंगठ्याखाली पांढरी रेघ.
तिथल्याच धक्क्यावर पट्ट्याचा हूक सुटला होता.
शिवायला आली एक शिकाऊ मुलगी,
टाके मोठ्याने मोजत होती,
पाचवा चुकला, काढला, सॉरी म्हणाली, परत घातला.
माझ्यापेक्षा तिलाच घाम.
निघताना विचारलं, कुठली गं तू?
तिने गाव सांगितलं.
सव्वीस वर्षं रस्त्यावर काढलेला मी,
मला ते नकाशात शोधावं लागलं.

सिग्नी माझा हात दिव्याखाली ओढून बघते.
"पाचवा अजून वाकडाच आहे."
मग म्हणते, "सरासरी फार वर आहे त्यांची."
आणि रेघ मारते.

बरोबरच आहे तिचं.
एका व्रणाला किती गुण धरायचे?

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी केबिनमागच्या फळीवर
गुडघे पोटाशी घेऊन झोपत आलो,
ते अंथरूण बघून तू तुझे पाय मोजू नकोस,
एवढंच म्हणायचं होतं.
म्हणालो, "कॉफी टाकू?"

रात्री अकराला पंधरा उरली.
तिने दोनदा मोजली, मला मोजायला लावली.

गुरुवारी सूर्यफुलाच्या बिया भरून
मी बिलिंग्जला निघालो.
ग्लेनडाइव्हच्या पंपावर फोन वाजला, बँकेचा मेसेज.
कार्ड माझं होतं, रक्कम तिची.
एका हातात पाइप धरून मी भागाकार केला.
पंधराने जाईना.
आकडे पुसले, परत मांडले.
सोळाने गेला, बाकी शून्य.

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला.
टाकी केव्हाच भरली होती.