खालच्या ढगाच्या पोटाशी

स्वर्ग रंगवायला आम्हाला सहा आठवडे दिले होते
आणि पांढरा रंग मोजून मापून.
मी चौदा वर्षांचा. माझं काम सरस ढवळायचं,
सशाच्या कातड्याचा, मंद आचेवर.
उकळी येऊ द्यायची नाही;
आली की सगळा स्वर्ग पापुद्रे धरून सुटायचा.
अंगाला वास असा, की बसमध्ये बायका जागा बदलत.

कापड युद्धातलंच होतं:
ब्लॅकआउटचे पडदे, जोडून जोडून साठ फूट.
पाच वर्षं ज्यांनी उजेड घरात कोंडून धरला
त्यांच्यावरच आता ढग काढायचे.
"काळ्यावर पांढरं लगेच बसत नाही रे,"
ईनिड थ्रेलफॉल शिडीवरून म्हणायची,
"तीन हात तरी द्यावे लागतात."

तिचा नवरा विल्फ. बॉम्बर विमानात नकाशे बघायचा.
त्रेचाळीसच्या मार्चमध्ये, उत्तर समुद्रावरून,
"दहा मिनिटांत किनारा," एवढं त्यानं कळवलं.
ती दहा मिनिटं अजून संपलेली नाहीत.
हे तिनं रडून नाही सांगितलं.
सँडविच खाताना सांगितलं, हसत,
की अंधारात बर्लिनपर्यंत बिनचूक जाणारा हा माणूस
स्टेशनवरून घरी येताना दर वेळी
खाटकाच्या दुकानाशी उजवीकडे वळायचा.

गोष्टीत एक मेलेला माणूस होता, एक जिवंत मुलगी,
आणि दोघांच्या मध्ये आमचं साठ फूट कापड.
दिग्दर्शक यायचे, चष्मा कपाळावर सारून म्हणायचे,
"अजून थोडं दूर वाटू दे."
ईनिड कुंचला बुडवायची. दूर करायची.
मी ढवळायचो.

शेवटच्या दिवशी सगळे चहाला गेलेले,
आणि ती डाव्या कोपऱ्यात, खालच्या ढगाच्या पोटाशी,
सर्वांत बारीक कुंचल्यानं लिहीत होती:
बावीस, टॅनर्स लेन. खाटकाशी डावीकडे.
किल्ली कुंडीखाली.
मी पाहिलं. मी पाहिलेलं तिनं पाहिलं.
"सरस बघ," ती म्हणाली, "उकळेल."

चित्रपट लागला तेव्हा दारापर्यंत बर्फ, कोळसा कुठेच नाही.
थिएटरात लोक ओव्हरकोट घालून रडत होते.
आम्ही दोघं फक्त डावा कोपरा बघत होतो.
चार सेकंद. ढग आला, ढगाचं पोट आलं,
आणि पुढच्या रांगेतल्या बाईनं
नेमकी तेव्हाच टोपी सारखी केली.

आकाश तोवर धुऊन झालं होतं.
गरम पाणी, सोडा, ताठ ब्रश आणि मी.
त्याच कापडावर चाच्यांचा गुत्ता झाला,
मग कुठल्याशा सरदाराचा तबेला.

अठ्ठेचाळीसमध्ये तिनं मिस्टर ऑग्डेनशी लग्न केलं.
आमचाच दिवेवाला. अबोल,
चहात बिस्किट बुडवून विसरणारा.
घर सोडायचं ठरलं तेव्हा ती रंगाच्या खोलीत आली,
हातमोजे न काढता.
"क्लिफ, तो वरचा पत्ता आता बदलायला हवा ना."
मी काय बोलणार?
वरचा पत्ता याच हातांनी खरवडला होता.

मग तिनं चिठ्ठी लिहिली, नव्या भाडेकरूला.
मीच नेली, सायकलवरून.
पाकीट चिकटवलेलं नव्हतं. वाटेत थांबून वाचली.

*उशिरा कुणी आलं, उंचसं, कॉलर एका बाजूनं दुमडलेली,
तर घाबरू नका. आत घ्या.
चहात साखर दोन चमचे, असली तर.
मी बरी आहे म्हणावं.
कुठे गेली विचारलं तर खरं ते सांगा,
पण आधी बसू द्या.*

मिसेस ब्लॅकलॉकनी दारातच वाचली. परत वाचली.
माझ्याकडे बघितलं; मी सायकलच्या घंटीकडे.
आत किटली शिटी घालत होती, त्या हलल्या नाहीत.
"कुंडीत काय लावायची ती?"

मला काय ठाऊक.
"जिरेनियम," मी ठोकून दिलं.

पुढे वर्षानुवर्षं त्या गल्लीतून जाणं झालं.
दर उन्हाळ्यात बावीस नंबरच्या पायरीवर जिरेनियम,
लाल, जरा वेडंवाकडं वाढलेलं.
कुंडी उचलून मी कधी पाहिली नाही.