साठ दिवसांची परवानगी

मंत्रालयातून कागद आला: दोन नंबर, साठ दिवस.
सही, सहीवर गोल शिक्का,
आणि माझ्या वाट्याला शरणपूर रोडवरची मागची खोली,
पंखा, हेडफोन, निळी वही.

साहेब म्हणाले, गायखे बाई,
कामाचं तेवढंच उतरवायचं.
बाकीचं ‘घरगुती’ लिहून सोडून द्यायचं.

पहिले नऊ दिवस घरगुतीच.
अंबडच्या कारखान्यांतलं भंगार कोण उचलणार
हे तो ज्या आवाजात ठरवायचा
त्याच आवाजात बायकोला विचारायचा,
मेथी निवडली का.
मी कान टवकारले. मेथी म्हणजे नक्की काय?
तीन दिवस मेथीखाली लाल रेघ मारली.
मेथी मेथीच निघाली.

बाविसाव्या दिवशी पाथर्डी फाटा आला,
एका ठेकेदाराचं नाव आलं,
त्याच्या गुडघ्यांचा विषय आला.
मी वेळ लिहिली, सेकंदासकट.
हात कापला नाही, याचंच नंतर नवल वाटलं.
त्या रात्री घरी फोन वाजला
आणि मी उचलून गप्प राहिले,
पलीकडचं ऐकत.
आई होती.
“अगं बोल ना,” म्हणाली.

एकेचाळिसावा दिवस.
त्याची पोरगी सातवीला, त्रैराशिकात अडकलेली.
सहा मजूर भिंत आठ दिवसांत बांधतात,
तर बारा मजूर किती दिवसांत?
तो म्हणाला, सोळा.
पोरीनं लिहिलं असावं; पेन्सिलचा आवाज आला.
चार, अरे बाबा, चार!
माझे ओठ हलले.
कायद्यानं मला ऐकायचा अधिकार दिला होता,
बोलायचा नाही.

त्रेपन्नाव्या दिवशी तो मध्येच थांबला.
“कुणी ऐकत असाल तर
जेवून घ्या, उशीर झालाय.”
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
मी डबा उघडला नाही.

साठाव्या रात्री बारा वाजता लाइन बंद.
कान मात्र बंद झाले नाहीत;
सीबीएसवर बसची वाट बघतानासुद्धा
शेजारचं बोलणं मनात उतरवत होते,
वेळेसकट.

दोन वर्षांनी विशेष न्यायालयात
बचावाचे वकील वही हलवत म्हणाले,
“एकेचाळिसावा दिवस, चार मिनिटं अकरा सेकंद,
पुढं नुसतं ‘घरगुती’.
बाई, काय लपवलंत?”
गणित, म्हणाले मी.
कोर्टात थोडं हसू पसरलं,
टंकलेखकानं ‘गणित’ असं टाइप केलं.

आरोपीच्या पिंजऱ्यात तो खाली बघून
बोटांवर काहीतरी मोजत होता.
उत्तर बरोबर होतं का,
हे कुणीच विचारलं नाही.